धाकट्यासाठी पिस्तूल निवडताना

पप्पा,

तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदा लिहितेय, तेही काम काढून. काम असलं की पोरीला बाप आठवतो, असं तुम्ही म्हणायचात. अजूनही तसंच आहे, रागावू नका. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. इथे दुपारचा एक वाजलाय, म्हणजे तुमच्या धाकट्याकडे साडेदहा. अकरा वाजता जिल्ह्याच्या कोर्टात त्याची साक्ष आहे. खुनाचा खटला आहे. ज्या सातजणांविरुद्ध बोलायचंय त्यातले पाच जामिनावर बाहेर आहेत. कोर्टात हत्यार नेऊ देत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण घरापासून कोर्टापर्यंत मोटरसायकलवर तासाभराचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी ऊस. त्या रस्त्यानं तो आज रिकाम्या हातांनी गेलाय. मी सांगितलं म्हणून. म्हणजे त्याला विचाराल तर तो म्हणेल, पप्पांनी सांगितलं म्हणून. आणि त्याचाच जाब मला तुमच्यापुढे द्यायचाय.

तुम्हाला काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. त्याचं तालुक्याच्या चौकात झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीवरून बाचाबाची झाली आणि आपल्या वस्तीतल्या एका वायरमनला त्याच्या दुकानासमोर भरदिवसा लोखंडी पाइपांनी मारलं. पाहिलं सगळ्या चौकानं, नावं सांगितली तिघांनी. त्यातले दोघे फितूर झाले. एकाच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, दुसऱ्याला म्हणे दमा आहे. दम्यानं माणसाला दिसेनासं होतं हे मला नव्यानं कळलं. उरला आपला. कुत्रं भुंकलं की माझ्या ओढणीत शिरणारा! मी फोनवर म्हटलं, तुला एकट्यालाच पडलंय का? तर म्हणतो, "ताई, मी बघितलंय, तर बघितलं म्हणणार. दुसरं काय म्हणू?" सुरुवातीला त्याला संरक्षणाला एक शिपाई दिला होता, तो दोन महिन्यांत काढून घेतला. मग दुकानासमोरून मोटरसायकली हळूहळू जायला लागल्या. एक दिवस माझ्या भावजयीला फोन आला, पलीकडचा माणूस फक्त पोरींच्या शाळेचं नाव आणि शाळा सुटायची वेळ म्हणाला आणि ठेवला. त्यानंतर यानं पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज केला. मिळणार नाही अशी माझी खात्री होती. मिळाला.

परवाना आला त्या दिवशी त्यानं पेढे वाटावेत अशा आवाजात फोन केला. "ताई, आता निवडायचं काम तुझं. पप्पांचं सगळं तुलाच आलंय. मला तर त्यांनी स्क्रूड्रायव्हर धरायलाही शिकवलं नाही." शिकवणार कधी, तुम्ही गेलात तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. हत्यारांच्या दुकानात दोन आहेत म्हणाला. एक आपल्या सरकारी कारखान्याचं, आठ गोळ्यांचं. दुसरं जुनं, परदेशी, कुणा म्हाताऱ्या परवानाधारकाच्या मुलांनी विकायला ठेवलेलं. त्यात तेरा बसतात. "तेराचंच घेतो. ते सहा-सातजण येतात गं, आठ गोळ्या कुणाकुणाला पुरवू?" जेवायला पाहुणे येणार आणि भाकरी पुरतील का, अशा सुरात बोलत होता. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, दोन्हींचे फोटो पाठव, मूठ नीट दिसू दे.

कारण तुम्ही मला तेच शिकवलंय. पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात मी तुमचा डबा घेऊन यायची. जाळीच्या खिडकीशी सकाळी शिपायांची रांग, प्रत्येकजण आपला पत्र्याचा बिल्ला तुमच्याकडे ठेवणार आणि हत्यार घेऊन जाणार, संध्याकाळी हत्यार परत आणि बिल्ला परत. सगळे बिल्ले गेले की तुम्ही टोपी काढायचात. मी अकरा वर्षांची आहे. टेबलावर घोंगडीचा तुकडा पसरलाय, त्यावर तुम्ही एक पिस्तूल सुटं करून, तेल देऊन, पुन्हा जोडलंय. तुम्ही हात पुसायला वळता आणि मी ते उचलून भिंतीवरच्या घड्याळावर रोखते आणि तोंडानं आवाज काढते. तुमचा हात वरून येतो, नळी खाली दाबतो, पिस्तूल काढून घेतो. स्लाइड मागे, आत बोट घालून खात्री, पिस्तूल घोंगडीवर, आणि मग माझ्या मनगटावर अशी फाड्कन बसते की बाहेरचा पहारेकरी आत डोकावतो. मी रडत म्हणते, रिकामं होतं ना पप्पा, तुम्हीच तर आत्ता जोडलं. तुम्ही म्हणता, "भरलेल्याला सगळेच भितात. माणसं मरतात ती रिकाम्यानं." दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून हाक मारलीत, माझे डोळे पंच्यानं बांधलेत आणि सुटे भाग हातात देऊन म्हणालात, जोड. पोलीस लाईनीतल्या बायका आईला म्हणायच्या, पोरीला बिघडवताहेत तुमचे साहेब. बिघडले तर नाहीच, इंजिनियर झाले.

एक नवा फौजदार आला होता, आठवतो? नवाकोरा, बुटांचा करकर आवाज. त्याला जास्त गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं. तुम्ही म्हणालात, "साहेब, पहिल्या दोन कुठे जातात ते आधी बघू." तो गोरामोरा झाला. नंतर मला समजावलंत, पिस्तूल चपलेसारखं असतं, दुसऱ्याच्या मापाचं चालत नाही. आधी मूठ बघायची. जास्त गोळ्यांच्या पिस्तुलात त्या दोन रांगांत बसतात, म्हणून मूठ जाड होते. ज्याचा हात छोटा त्याचं बोट घोड्यापर्यंत नीट पोचत नाही, मग तो घोडा सरळ न ओढता बाजूनं ओढतो आणि गोळी भलतीकडेच जाते. अशा तेरा घेऊन काय करायच्या?

तर मी निवडायला बसले. कशी, ते ऐका. ज्या देशात खरं हत्यार बाळगणं सोडाच, खिशात एक काडतूस सापडलं तरी आयुष्याचं मातेरं होईल, त्या देशात, चांगी बिझनेस पार्कातल्या माझ्या ऑफिसात, कंपनीच्या लॅपटॉपवर, लंच टाइममध्ये मी पिस्तुलांची माहिती शोधली. कर्म माझं! वीस वर्षं कॉम्प्युटरमध्ये काढलेल्या बाईनं हे करावं? दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं काचेच्या खोलीत बोलावलं. माझ्याहून मोठी, इथलीच चिनी बाई, स्वभावानं चांगली. दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, घरी कुणी त्रास देतंय का? नवरा? इथला कामाचा पास गेला तर महिन्याभरात सामान बांधून निघावं लागेल, पोरीची शाळा, सगळं. मी म्हणाले, माझे वडील पोलिसात आर्मरर होते, हत्यारं दुरुस्त करायचे, मी त्यांच्या आठवणी लिहितेय. तिचे डोळे भरून आले हो. म्हणाली, लिही, जरूर लिही, पण घरी लिही, इथे नको. तुमच्या नावावर खोटं बोलण्याची ती पहिली वेळ. सोपं गेलं. इतकं सोपं जायला नको होतं.

मग घरी, या टेबलावर. त्याला म्हटलं, उजवा तळहात पांढऱ्या कागदावर ठेव, शेजारी फुटपट्टी ठेव आणि वरून फोटो काढून पाठव. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत किती अंतर आहे ते मला हवं होतं. फोटो आला. पप्पा, त्याचा हात थेट आईचा आहे. छोटा, गुबगुबीत, बोटं आखूड. मी तो हात धरून त्याला बालवाडीत सोडायची, आणि आता त्याच हाताला पिस्तूल बसतं का ते मोजत होते. तेराचं बसत नव्हतं. जाड मुठीवर त्याचं बोट जेमतेम घोड्याला टेकलं असतं. आठचं अगदी माप देऊन शिवल्यासारखं. झालं, काम संपलं होतं, त्याला कळवायचं आणि मोकळं व्हायचं. पण फोटोत आणखी एक हात होता. त्याच्या धाकटीचा, सहा वर्षांची आहे. तिलाही हात मोजून हवा होता म्हणे, म्हणून तिनं बाबाच्या हाताशेजारी आपला पंजा ठेवला होता, बोटं ताणून, मोठा दिसावा म्हणून. मी तोही मोजला. मोजायला नको होता, पण सवय तुमचीच. आठ गोळ्यांच्या पिस्तुलावर, दोन्ही हातांनी धरलं तर, तिचं बोट पोचत होतं. तेराचं त्याला पेलत नव्हतं आणि आठचं तिलाही पेलत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी फोन पालथा घातला आणि उगाचच भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी.

त्या वेळी मला तो दसरा आठवला. मी पंधरा वर्षांची, हा चार. मुख्यालयात शस्त्रपूजन असायचं. तुम्ही आदल्या दिवसापासून एकेक हत्यार पुसून लालभडक कापडावर मांडायचात. मोठे साहेब येऊन हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे हार घालायचे. आणि आपल्या घरी तोच दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. तुम्ही पूजा उरकून धावत घरी यायचात, मोरीत साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचात, पांढरा सदरा घालायचात आणि आपण चौघं विहारात जायचो. तिथे तुमच्या जोडलेल्या हातांना तेलाचा वास येत असायचा, साबणानंही न गेलेला. पहिलंच शील, जीव घेणार नाही म्हणून. त्या वर्षी परत येताना मी विचारलं, पप्पा, सकाळी पिस्तुलाला हार आणि दुपारी पंचशील, हे कसं काय? मला वाटलं तुम्ही थांबून काहीतरी मोठं बोलाल. तुमच्या खांद्यावर हा झोपला होता. तुम्ही त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलंत आणि म्हणालात, "चल, आई पुढे गेली." बस, एवढंच. मी पुन्हा कधी विचारलं नाही. पाच वर्षांनी तुम्ही गेलात.

गेल्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "बोल ताई, कोणतं? दुकानदार थांबलाय." आणि मी म्हणाले, "कोणतंच नाही." तो हसला, त्याला गंमत वाटली. मी म्हणाले, "पप्पा म्हणाले होते, ज्या घरात लेकरू आहे त्या घरात पिस्तूल ठेवायचं नाही. कितीही भीती असली तरी." मग अगदी बारीक आवाजात, "पप्पा असं म्हणाले होते? कधी?" मी म्हणाले, दसऱ्याला, विहारातून येताना. "मी होतो?" होतास की, खांद्यावर झोपला होतास. पप्पा, त्याला तुमचा आवाजही आठवत नाही. तुमचं एखादं वाक्य मिळावं म्हणून तो आईला, मला, लाईनीतल्या म्हाताऱ्या हवालदारांना आयुष्यभर विचारत आलाय. आणि मी त्याला दिलं, माझ्याच मनानं रचलेलं. भुकेल्या माणसानं ताट ओढून घ्यावं तसं त्यानं ते घेतलं. म्हणाला, "मग संपलं. पप्पांनी म्हटलंय तर नाही घेत." परवाना तसाच कपाटात ठेवून दिला. एवढा वाद घालणारा माणूस, एका शब्दानं वाद घातला नाही.

मी बरोबर केलं का? माझ्याच तोंडानं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ताई, तू तिकडे सिंगापुरात बसून बोल, पोलीसही पिस्तूल न काढता जिथे निभावून नेतात. आणि ते खरंच असतं. मला इथे भीती कसली? पोरगी एकटी एलआरटीच्या ट्रेननं येते, एकटी जाते. ज्याच्या पोरींच्या शाळेची वेळ कुणीतरी फोनवर सांगतंय, त्याला मी समुद्रापलीकडून शील शिकवतेय. रात्रंदिवस तेच डोक्यात. आज त्या उसाच्या रस्त्यावर त्याला कुणी अडवलं तर त्याला कुणी मारलं म्हणायचं, त्या पाचांनी की मी? आणि घेतलं असतं आणि त्या सहा वर्षांच्या पंजानं ते उचललं असतं तर? मला भीती वाटतेय पप्पा. अक्षर बघा कसलं येतंय.

मधेच लेक शाळेतून आली. मला घरात बघून तिला नवल वाटलं. "आई, व्हाय यू सो अर्ली?" म्हटलं, पत्र लिहितेय. "टू हू?" तुझ्या आजोबांना. तिनं दप्तर खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बट ही'ज डेड, लाह." मग जवळ येऊन कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. मी तिला चिकन राइसचा डबा गरम करून दिला. दोन वाजले, सव्वादोन. तिकडे पावणेबारा. मी दोनदा फोन लावला, बंद.

पावणेतीनला त्याचाच आला. जिवंत आहे, आवाज आहे, एवढंच मला आधी कळलं आणि मी ओट्याला धरून खाली बसले. साक्ष झाली नाही. आरोपींच्या वकिलांची तब्येत बरी नव्हती, तारीख पडली, पुढच्या महिन्यातली. एवढं सगळं करून तारीख! मी काहीतरी बडबडले, असू दे, सुखरूप आहेस ना, घरी जा. तो म्हणाला, ऐक. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्या पाचांतला एकजण त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. शिवी नाही, धमकी नाही. हसला, आणि हातानं याच्या शर्टाची कॉलर झटकली, धूळ बसल्यासारखी. दोनदा. "शर्ट नवा दिसतोय. जपून घाल," म्हणाला आणि गेला. आजूबाजूला माणसं होती, पोलीस होते. "ताई, तो झटकत होता आणि मी हात खाली सोडून उभा होतो. मी मनातल्या मनात पप्पांचं वाक्य म्हणत होतो. पण तो गेल्यावर मी स्वतःच कॉलर पुन्हा पुन्हा झटकत होतो गं." त्याच्या मागे एसटीचा हॉर्न वाजत होता. मग म्हणाला, "आणखी एक महिना आहे. ताई, पप्पा त्या दिवशी एवढंच म्हणाले होते का? आणखी काही असेल. तू नीट आठव. दुकानदार अजून थांबलाय. मी संध्याकाळी फोन करतो."

आता साडेतीन वाजलेत. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही आणि पाठवायचंही नाही, तुम्ही वाचलंत तर पुन्हा मनगटावर फाड्कन बसेल. मी खूप आठवतेय. तुम्ही त्या दिवशी दुसरं काही म्हणाला नव्हतात. पहिलंही म्हणाला नव्हतात. संध्याकाळी तो विचारेल तेव्हा या वेळी माझ्या तोंडून "घे" निघणार आहे, मला आत्ताच कळतंय. कॉलरवरचा तो हात मला सहन होत नाही. आठचं घे, पोरींपासून कुलपात ठेव, असं सांगेन. आणि ते "पप्पा म्हणाले होते" असंच सांगेन, कारण माझ्या स्वतःच्या नावावर सांगायची माझी छाती नाही.